कोंबड्याची पिसे पुन्हा पुन्हा खराब होतात तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. कोंबड्या तुकतुकीत आहेत, अंडी नीट देताहेत, आणि त्यांच्यात फिरणारा कोंबडा मात्र भिजवून वाळत घातल्यासारखा दिसतो. मानेवरची पिसे विरळ, शेपटीची लांब वळलेली पिसे अर्ध्यात मोडलेली, गुदद्वाराभोवती लाल टक्कल. उवांची भुकटी मारली, आठवडाभर बरे वाटले, महिन्याने पुन्हा तेच.

असे होते कारण औषध पूर्ण फेऱ्यांत दिलेले नसते, किंवा रोग वेगळा आणि औषध वेगळ्याचे असते. आणि कित्येकदा उपाय लागू पडलेला असूनही तो फसला असे वाटते, कारण पाहणारा जुनी पिसे पाहत असतो. पूर्ण वाढलेले पीस ही मेलेली वस्तू आहे, आपल्या नखाच्या कापून टाकायच्या टोकासारखी. त्यात रक्त नाही, दुरुस्ती नाही. मोडलेले पीस पुढच्या पीसगळतीपर्यंत मोडलेलेच राहते, मग तुम्ही काहीही खाऊ घाला. मुळासकट उपटलेल्या जागी मात्र दोन-तीन आठवड्यांत नवा कोंब दिसू लागतो. म्हणून औषधाचा निकाल कातडीवर आणि नव्या कोंबांवर वाचायचा, जुन्या पिसांवर नाही.

कोंबड्यालाच का होते

कळप एक, खुराडे एक, खाद्यही एक, मग खराब फक्त कोंबडाच का? त्याचे वागणे वेगळे असते. चांगला कोंबडा खाण्याचा तुकडा सापडला की तो उचलून-टाकून कोंबड्यांना बोलावतो आणि स्वतः मागे राहतो. पहाऱ्यावर उभा राहण्यात त्याचा बराच दिवस जातो. मातीत लोळणे आणि चोचीने पिसे विंचरणे तो सहसा कोंबड्यांपेक्षा कमी करतो. म्हणून उवा आणि माइट (उवांहून बारीक, ठिपक्याएवढे किंवा त्याहून लहान किडे) शोधायच्या असतील तर कळपात आधी कोंबडाच धरावा. त्याच्या अंगावर त्या लवकर आणि जास्त सापडतात, आणि मिलनाच्या वेळी त्याच्याकडूनच सगळ्या कोंबड्यांवर जातात.

आधी हातात घेऊन बघा

औषध आणण्याआधी दहा मिनिटांची तपासणी करा. अंधार पडल्यावर कोंबडा दांड्यावर बसलेला असताना उचला. दिवसा पाठलाग करून धरला तर तो दमतो आणि चार पिसे तुमच्याच हातात येतात. पंख अंगालगत दाबून काखेत घ्या, डोके मागच्या बाजूला ठेवा, पाय एका हातात. दुसऱ्या माणसाने विजेरी धरावी आणि पिसे उलटी फुंकर मारून बाजूला करावीत.

गुदद्वाराच्या खाली, शेपटीच्या मुळाशी, पंखांच्या आत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि मानेवर कातडी दिसेपर्यंत पिसे बाजूला करा. उजेड पडताच गवती रंगाचे, दोन-तीन मिलिमीटर लांबीचे, चपटे किडे सैरावैरा पळाले तर त्या उवा. पिसाच्या बुडाशी साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे पांढरे गुच्छ चिकटलेले असतील तर त्या लिखा. ठिपक्याएवढे काळपट-तांबडे किडे तुमच्या हातावर चढू लागले आणि गुदद्वाराजवळची पिसे काजळी लागल्यासारखी काळी, चिकट झाली असतील तर ती माइटची जात, जी दिवसरात्र पक्ष्याच्या अंगावरच राहते. इंग्रजीत तिला नॉर्दर्न फाउल माइट म्हणतात.

त्याच वेळी छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असायला हवे. हाड सुरीच्या पात्यासारखे लागले तर अडचण पिसांपेक्षा खोल आहे: जंत, जुनाट आजार किंवा सरळ उपासमार. पिसांच्या आड वजन लपते, त्यामुळे लांबून ही गोष्ट कधीच कळत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा.

शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला तेलाची एक छोटी गाठ असते. कोंबडा चोच तिथे घासतो आणि ते तेल पिसांना लावतो. गाठ सुजलेली, कडक, तापलेली किंवा पांढऱ्या घट्ट मळाने बुजलेली असेल तर पिसे कोरडी पडतात. ती जोराने पिळू नका. कोमट ओल्या कापडाने रोज पाच-सहा मिनिटे शेका. दोन-तीन दिवसांत मऊ पडली नाही तर पशुवैद्याला दाखवा.

शेवटी एक गळालेले आणि एक मोडलेले पीस उजेडासमोर धरून पाहा. पिसाच्या पात्यावर आडवी, पारदर्शक, अशक्त रेघ दिसते का? ते पीस वाढत असताना पक्ष्यावर ताण आला होता: आजार, उपास, भीती, जागाबदल. एकाच उंचीवर अनेक पिसांना अशी रेघ असेल तर त्या आठवड्यात नक्की काहीतरी घडले होते. पीस नंतर तिथेच मोडते. अशा वेळी आज कसलेही औषध लागत नाही. घटना जुनी आहे, खूण आज दिसते आहे.

टक्कल कुठे आहे, त्यावरून बरेच कळते

हनुवटी, गाल आणि गळ्याचा पुढचा भाग उघडा पडला असेल आणि बाकी अंग ठीक असेल, तर बहुतेक कोंबड्याच त्याची पिसे टोचून खाताहेत. शांत कोंबडा हे निमूटपणे करून घेतो, कधी कधी मान पुढे करून उभाही राहतो. डोके, तुरा आणि मानेवर खपल्या असतील तर दुसऱ्या कोंबड्याशी झुंज. शेपटीची फक्त टोके झिजलेली असतील तर दोष जागेचा. गुदद्वार आणि पोट यांभोवती असेल तर उवा-माइट किंवा चिकटलेली विष्ठा. मान, पाठीचा खालचा भाग आणि मांड्या इथे पिसे मुळाशी तुटताहेत, कातडी जाड आणि खवल्यांची झाली आहे, आणि कोंबडा स्वतःच ती उपटतो आहे, तर पीस झडवणारा माइट. दोन्ही बाजूंना सारखी गळती, मानेपासून सुरुवात आणि उघड्या जागी दाट कोंब, तर ही नैसर्गिक पीसगळती आहे. हात लावू नका.

तुऱ्यावर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे डाग असतील आणि ते मागे मानेच्या पिसांपर्यंत पसरत असतील तर बुरशी असू शकते. ती माणसालाही लागते. हातमोजे घालूनच हाताळा.

उवा आणि अंगावरचे माइट

इथे सगळा खेळ दिवसांचा आहे. उवेचे अंडे साधारण चार ते सात दिवसांत फुटते आणि अंड्यापासून अंडी घालणाऱ्या उवेपर्यंत जवळपास तीन आठवडे जातात. अंगावर राहणारा माइट मात्र घाईत असतो: अनुकूल हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ पाच ते सात दिवसांत. भुकटी जिवंत किडे मारते, अंडी नाही. एकदाच भुकटी मारून थांबणारा माणूस फक्त एक पिढी कापतो आणि पुढची स्वतःच पोसतो. महिन्याने परत येणाऱ्या उवा बाहेरून येतातच असे नाही; बऱ्याचदा त्या पहिल्या दिवशीच लिखांमध्ये होत्या.

पक्ष्यांसाठी मान्यता असलेली पर्मेथ्रिन या कीटकनाशकाची 0.25 टक्के भुकटी हा सर्वात सरळ उपाय. मोठ्या कोंबड्याला साधारण 4-5 ग्रॅम पुरते. तुमच्या डब्यावर वेगळे लिहिले असेल तर डब्यावरचे खरे. झाकणाला छिद्रे पाडलेल्या छोट्या बरणीतून भुरभुरवा, पण नुसते पाठीवर नको. पिसे उलटी करून कातडीपर्यंत पोहोचली पाहिजे: गुदद्वाराभोवती, शेपटीच्या मुळाशी, दोन्ही पंखांखाली, मांड्यांच्या आत, मानेच्या मागे. मग पिसे हाताने हलकी चोळा. डोळे, नाकपुड्या आणि चोच वाचवा. तुम्ही स्वतः मास्क आणि हातमोजे घाला आणि काम मोकळ्या हवेत करा. पर्मेथ्रिन मांजरांना आणि माशांना घातक आहे, त्यामुळे घरात मांजर असेल तर भुकटी सांडलेली जागा झाडून घ्या, आणि शिल्लक माल पाण्यात ओतू नका.

दुसरी फेरी उवांसाठी दहाव्या दिवशी, तिसरी विसाव्या दिवशी. माइटसाठी अंतर सहा-सात दिवसांचे. डब्यावर दोन वापरांमधले किमान अंतर जास्त सांगितले असेल तर ते मोडू नका. अशा वेळी फेऱ्या वाढवा आणि मधल्या काळात खुराड्याची स्वच्छता कडक करा. कळपातल्या प्रत्येक पक्ष्याला त्याच संध्याकाळी भुकटी लागली पाहिजे. एखादी रवणावर बसलेली कोंबडी हमखास सुटते, आणि तिच्याच अंगावरून सगळे परत पसरते.

लिखांचे घट्ट गुच्छ असलेली पिसे उपटू नका. उपटताना वेदना होतात आणि रक्त येते. गुच्छ कात्रीने पिसाच्या दांडीसकट कापा, कातडीला कात्री लागू न देता, आणि जाळून टाका. काळा, चिकट थर फार असेल तर पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी कोमट पाण्यात सौम्य साबणाने फक्त मागचा भाग धुवा आणि पूर्ण वाळवा. ओल्या पिसांवर भुकटीचे गोळे होतात आणि ती कातडीपर्यंत पोहोचत नाही.

त्याच कळपातली अंडी किंवा मांस खाणार असाल तर औषधानंतर किती दिवस खाऊ नये हे डब्यावर बघा. कोंबडा अंडी देत नाही म्हणून हा प्रश्न सुटत नाही. औषध कोंबड्यांनाही लागलेले असते. फिप्रोनिल, म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या मानेवर टाकायचे गोचिडांचे थेंब, खाण्यासाठी पाळलेल्या पक्ष्यांना लावायचे नसते. 2017 मध्ये युरोपात लाखो अंडी याच औषधाच्या अंशामुळे बाजारातून काढून घ्यावी लागली होती.

लाल माइट: रोगी खुराडे आहे

कोंबड्याच्या अंगावर दिवसा काहीच सापडत नाही, पण तो फिकट पडतो आहे, रात्री दांड्यावर अस्वस्थ असतो, खुराड्यात जायला नाखूश आहे, पिसे निस्तेज आहेत. अशा वेळी संशय लाल माइटवर घ्या. हा दिवसा लाकडाच्या फटीत, दांड्याच्या टोकाशी, खिळ्याच्या भोकात बसतो, रात्री चढून रक्त पितो आणि परततो. पक्ष्याला कितीही भुकटी मारा, त्याचे घर शाबूत राहते.

खात्री करायला पांढरा कागदी रुमाल घ्या आणि सूर्योदयापूर्वी दांड्याच्या खालच्या बाजूवर, विशेषतः टेकू असलेल्या टोकांशी, जोरात घासा. कागदावर लाल-तपकिरी रक्ताचे ओघळ उमटले तर निदान झाले. फटींच्या तोंडाशी राखाडी, मीठ-मिरीसारखा भुगा दिसतो, तोही याचाच.

उपाय करताना सगळे सामान बाहेर काढा: दांडे, अंड्यांची खोकी, तूस. तूस जाळा किंवा घट्ट पिशवीत बांधून दूर टाका. खुराडे खरवडा, मग वाफेने किंवा उकळत्या पाण्याने फटी भरून काढा आणि कोरडे होऊ द्या. त्यानंतर खुराड्यासाठी मान्यता असलेले माइटनाशक फटींमध्ये फवारा. अनुकूल तापमानात याची नवी पिढी आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते, म्हणून पाच ते सात दिवसांनी पुन्हा, आणि परत एकदा. शेवटी दांड्यांची टोके काढता येतील अशी बसवा. ठोकून पक्के केलेले दांडे म्हणजे या किड्याला दिलेली कायमची खोली. खुराडे रिकामे ठेवून तो उपाशी मरेल अशी आशा करू नका. रक्ताशिवाय तो कित्येक महिने तग धरतो.

फ्लुरालेनर नावाचे औषध पिण्याच्या पाण्यातून देता येते: शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे 0.5 मिलिग्रॅम, सात दिवसांच्या अंतराने दोनदा. लाल माइट आणि अंगावरचा माइट दोन्हींवर ते चालते. जिथे मान्यता आहे तिथे पशुवैद्याच्या चिठ्ठीनेच मिळते.

पीस झडवणारा माइट

हा पिसाच्या मुळाशी कातडीत शिरतो, डोळ्यांना दिसत नाही आणि भुकटीला दाद देत नाही. कातडीच्या खरवडीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पक्के निदान होत नाही. पायावरचे खवले उचलणारा माइट याच कुळातला, त्यामुळे पाय आणि पिसे दोन्ही एकदम बिघडलेली दिसली तर दोन्हींची तपासणी करून घ्या.

यासाठी आयव्हरमेक्टिन वापरतात, आणि सर्वात मोठ्या चुका इथेच होतात. पशुवैद्य जे प्रमाण सुचवतात ते साधारण 0.2 मिलिग्रॅम प्रति किलो. गुरांसाठीच्या 1 टक्का द्रावणात प्रत्येक मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते. अडीच किलोच्या कोंबड्याला लागतात 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे 0.05 मिलिलिटर. तो एक थेंब झाला. चमच्याने किंवा ‘थोडेसे’ म्हणून ओतलेले औषध वीसपट सहज होते आणि कोंबडा डुलत-डुलत पडतो. वजन मोजा, इन्सुलिनची बारीक सिरिंज वापरा आणि पशुवैद्याला विचारल्याशिवाय हात घालू नका. उवांसाठी मात्र हे औषध चांगले नाही: कोंबडीच्या उवा मुख्यतः पिसे आणि कातडीचा कोंडा चघळतात, रक्तातले औषध त्यांच्या पोटात पुरेसे जात नाही.

खाद्य: कोंबडा कुणाच्या ताटात जेवतो

पीस जवळजवळ सगळे प्रथिनच असते, त्यातही गंधक असलेली अमिनो आम्ले भरपूर: मेथिओनिन आणि सिस्टीन. तीन किलोच्या कोंबड्याच्या अंगावर 150-200 ग्रॅम पिसे असतात. पीसगळतीत हे सगळे त्याला नव्याने विणायचे असते, तेही दोन-तीन महिन्यांत.

आता त्याला प्रत्यक्षात काय मिळते ते मोजा. समजा तो रोज 150 ग्रॅम खातो, त्यातले निम्मे 16 टक्के प्रथिनाचे लेयर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे तयार खाद्य) आणि निम्मा मका, ज्यात प्रथिन 8.5 टक्क्यांच्या आसपास. 75 ग्रॅमचे 12 ग्रॅम आणि 75 ग्रॅमचे 6.4 ग्रॅम, एकूण 18.4 ग्रॅम, म्हणजे सरासरी 12.3 टक्के. पिसे भरायला त्याला 18 ते 20 टक्के लागतात. मक्याची मूठ प्रेमाने टाकली जाते आणि कोंबडा नेमका तीच वेचतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा आणखी खाली जातो. मका, तांदूळ, शिळी पोळी यांचा एकत्रित वाटा दिवसाच्या खाण्याच्या एक दशांशाच्या वर जाऊ देऊ नका.

लेयर खाद्याचा दुसरा दोष कॅल्शियम. अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी त्यात 3.5 ते 4.5 टक्के कॅल्शियम असते; कोंबड्याला 1 टक्क्याच्या आसपास पुरे होते. जास्तीचे कॅल्शियम वर्षानुवर्षे मूत्रपिंडांवर पडते. म्हणून मिश्र कळपाला ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचे) किंवा सर्व-वयांचे 18 टक्क्यांचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला हवा ती खाते. कोंबडा त्याला सहसा शिवत नाही.

खाद्य बदलणे शक्य नसेल तर कोंबड्याचे ताट वेगळे करा. मोठ्या पोल्ट्रीत वापरतात तीच युक्ती घरी चालते: भांडे इतके उंच टांगायचे की मान ताणून कोंबडा पोहोचेल आणि कोंबड्या नाही. जातीनुसार 45-50 सेंटिमीटरपासून सुरुवात करा आणि बघत बघत वर-खाली करा. ते जमत नसेल तर सकाळी खुराडे उघडण्याआधी पंधरा मिनिटे त्याला एकट्याला जेवू द्या.

पूरक म्हणून आठवड्यातून तीन दिवस एक उकडलेले अंडे कुस्करून. तिळाची पेंड मेथिओनिनच्या बाबतीत उत्तम. रोज 8-10 ग्रॅम खाद्यात मिसळा. मासळीची पूड मिळाली तर खाद्याच्या 5 टक्क्यांपर्यंत, त्याहून जास्त झाली तर मांसाला वास येतो. नुसत्या सोयाबीनवर विसंबू नका. प्रथिन भरपूर असले तरी मेथिओनिनमध्ये सोयाबीन कमी पडते. शुद्ध मेथिओनिनची पूड ‘जास्त तेवढी बरी’ म्हणून ओतणेही चूक. गरजेपेक्षा बरेच जास्त झाले तर भूक आणि वाढ दोन्ही खुंटतात. जस्ताची कमतरता असेल तर पिसांच्या कडा फाटल्यासारख्या, विस्कटलेल्या दिसतात. संतुलित तयार खाद्य ताजे असेल तर वेगळे जस्त लागत नाही. पोते उघडून तीन-चार महिने झाले असतील, तूप खवट झाल्यासारखा वास येत असेल, तर त्यातली जीवनसत्त्वे गेलेली असतात. लेबलवर काहीही छापलेले असो.

चांगले खाद्य असूनही वजन घटत असेल तर विष्ठेचा ताजा नमुना जंतांसाठी तपासून घ्या. न तपासता दर दोन महिन्यांनी जंतनाशक पाजणे म्हणजे जंतांना त्या औषधाची सवय लावणे.

टोचणी आणि जागेचे दोष

कोंबड्या त्याची पिसे खात असतील तर आधी खाद्यातले प्रथिन बघा, मग गर्दी. खुराड्यात प्रत्येक पक्ष्यामागे किमान 0.4 चौरस मीटर आणि बाहेरच्या बंदिस्त अंगणात एक चौरस मीटर हवे, त्याहून जास्त तर उत्तम. खाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा. कोबीचा गड्डा किंवा पालेभाजीची जुडी मानेच्या उंचीला टांगली की चोचींना काम मिळते. नवे कोंब फुटलेला कोंबडा दोन-तीन आठवडे जाळीआड ठेवा, पण कळपाला दिसेल असा; नजरेआड केला तर परतल्यावर नव्याने मारामारी होते. कोंबात रक्त असते, त्यामुळे कोंबड्यांना ते मिठाईसारखे वाटतात. सगळी वाढ त्यांनी वेचून खाल्ली की मालकाला वाटते पिसे येतच नाहीत.

कोंब तुटून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटे दाबून धरा, मग मक्याचे पीठ लावा.

शेपटीची टोके झिजत असतील तर दांडा भिंतीपासून मोजा. मोठ्या कोंबड्याला दांडा आणि भिंत यांत 45-50 सेंटिमीटर अंतर लागते. बहुतेक खुराड्यांत ते वीसच असते आणि रोज रात्री शेपूट भिंतीला घासते. रुंदीत प्रत्येक पक्ष्यामागे 25-30 सेंटिमीटर.

मातीत लोळायची जागा किमान 60 बाय 60 सेंटिमीटर, 15-20 सेंटिमीटर खोल, आणि काहीही झाले तरी कोरडी. बारीक माती आणि वाळू, त्यात थोडी चाळलेली लाकडाची राख. रंग किंवा रसायन लावलेल्या लाकडाची नको. ओली राख तीव्र अल्कली होऊन कातडी जाळते. लोळणीत बारीक गंधक मिसळले तर अंगावरच्या माइटवर उपयोग होतो. गोड्या पाण्यातल्या शेवाळाच्या सांगाड्यांची पांढरी पूड, डायटोमाइट, फक्त कोरडी असेपर्यंत काम करते आणि तिची धूळ फुप्फुसांना त्रास देते. बंद खुराड्यात उधळू नका.

जे आजार नाही

पीसगळती बहुतेक पक्ष्यांना वर्षातून एकदा, दिवस लहान होऊ लागले की येते. पहिली मोठी गळती सोळा ते अठरा महिन्यांच्या सुमारास. क्रम डोके, मान, छाती, पाठ, पंख, शेपूट असा असतो आणि काम आठ ते बारा आठवडे चालते. या काळात कोंबडा मिलन टाळतो आणि अंड्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण घटते, तेही स्वाभाविक. खुराड्यात रात्रभर दिवा जळत असेल तर हे वेळापत्रक बिघडते आणि तो वर्षभर अर्धवट पिसांत फिरतो.

पांढऱ्या कोंबड्याच्या मानेवर पिवळी झाक येते ती उन्हामुळे किंवा मक्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे. काळ्या पिसांवरचे जांभळट पट्टे आणि उन्हाने पडलेली तांबूस छटाही पुढच्या गळतीपर्यंत जात नाहीत. कुरळ्या पिसांच्या फ्रिझल जातीत आई-बाप दोन्ही कुरळे असतील तर काही पिल्लांची पिसे जन्मभर ठिसूळ राहतात. त्यावर खाद्य नाही, औषध नाही, पुढच्या वेळी जोडी बदलायची एवढेच.

हे लावू नका

केरोसीन आणि जुने इंजिन ऑइल कातडी भाजतात आणि पिसे चिकटवतात. तंबाखूचे पाणी निकोटिनमुळे पक्ष्याला मारू शकते, उवा मरोत न मरोत. डांबरगोळ्या बंद खुराड्यात विषारी वाफ सोडतात. खोबरेल किंवा कडुनिंबाचे तेल सगळ्या अंगाला चोपडले तर उब धरणारी लव चपटी होते आणि थंडीत कोंबडा कुडकुडतो. कोंबड्याला वारंवार अंघोळ घालणे ही माणसाची हौस आहे. त्याची पिसे त्याने तेलाने राखलेली असतात आणि साबण ते धुऊन टाकतो.

निकाल कधी आणि कशात बघायचा

पहिल्या फेरीनंतर तिसऱ्या दिवशी विजेरी घेऊन पुन्हा तपासा: चालते-फिरते किडे दिसता कामा नयेत. दिसले तर भुकटी कातडीपर्यंत गेली नव्हती, किंवा त्या किड्यांना त्या औषधाची सवय झाली आहे. वेगळ्या गटाचे औषध विचारा. दोन आठवड्यांत गुदद्वाराभोवतीची लाली ओसरायला हवी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उघड्या जागी निळसर काटे दिसायला हवेत, फक्त जिथे पीस मुळासकट गेले होते तिथे. सहा ते आठ आठवड्यांत ते उघडून पिसे होतात. तेवढ्या काळात एका जागीही कोंब आला नाही आणि कातडी गुळगुळीत, चकचकीत पडली असेल, तर वर्षानुवर्षांच्या टोचणीने पिसाचे मूळच मेले असण्याची शक्यता मोठी. त्या जागेला उन्हापासून आणि चोचींपासून जपावे लागते.

वजन घटणे, तुरा फिकट किंवा काळसर पडणे, एक पाय ओढणे, हिरवी पातळ विष्ठा किंवा डोळ्यांच्या बुबुळाचा रंग करडा होणे यांतले काही सोबत दिसले, तर पिसांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. शेपटीची लांब वळलेली पिसे सगळ्यात उशिरा पूर्ण होतात. बाकी अंग भरून आले आणि शेपूट अजून आखूड दिसली तरी आणखी महिनाभर भुकटीला हात लावू नका.